दिनकरकाकांनी मोठा केलेला चेहरा

संक्रांतीनंतरचा मंगळवार होता. माझ्या धाकट्या भावानं, शशीनं, पुण्याहून पाठवलेले पाच हजार रुपये माझ्या पाकिटात होते आणि खोलीत आम्ही तिघं होतो. खाटेवर दिनकरकाका, त्यांच्या पायाशी त्यांची सून वंदना आणि समोर खुर्चीवर मी. हे इतकं नेमकं लिहिते आहे, कारण त्या दुपारी जे बोलणं झालं त्याच्या साक्षीदार आता वंदना आणि मी अशा दोघीच उरलो आहोत. अठरा दिवसांनी वंदनाचा फोन आला, "ताई, बाबा गेले. आत्ताच." वय शहाऐंशी. त्रास म्हणावा असा फार झाला नाही. मी फोन खाली ठेवला आणि पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की या अठरा दिवसांत मी एकदाही तिकडे गेले नव्हते. जबलपूरच्या कांचघर भागातलं त्यांचं घर माझ्या घरापासून पायी नऊ मिनिटांवर आहे.

शशीचे पैसे फोटोसाठी होते. आमच्या आईचा एकच फोटो घरात आहे, दहा बाय बारा इंचांचा, काळा-पांढरा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तो काकांनीच मोठा करून दिला होता. शशीनं पुण्यात नवीन घर घेतलं आणि बैठकीच्या भिंतीसाठी त्याला तोच फोटो दोन फूट बाय तीन फूट करून हवा होता. मूळ निगेटिव्ह काकांकडे असेल म्हणून मी मागायला गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, नळीनं पाणी प्यायले आणि म्हणाले, "अजून मोठा नको करू, बाई."

"काहून, काका?"

"नको म्हणतो ना."

ज्या माणसानं जन्मभर फोटो मोठे करण्याचंच काम केलं, तो नको म्हणत होता. मला वाटलं, वयाचा हट्ट असेल...

बाबा आणि दिनकरकाका दोघंही अमरावतीकडचे. एकाच वर्षी जबलपूरच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात लागले आणि शेजारशेजारच्या क्वार्टरमध्ये राहिले. राज्यांची फेररचना झाली, नागपूर आणि सगळा वऱ्हाड पलीकडे मुंबई राज्यात गेला, इकडे मध्य प्रदेशाला दुसरे मुलूख जोडले गेले आणि ही माणसं नोकरीसाठी इकडेच राहिली. काका म्हणायचे, "आपलं राज्य एनलार्ज झालं रे दामू, आणि आपण होतो तेवढेच राहिलो. म्हणजे हिशेबानं लहानच झालो." दामू म्हणजे माझे बाबा. कारखान्यात काका नकाशांच्या प्रती काढायच्या विभागात होते. बदलून चाललेल्या एका अधिकाऱ्याकडून त्यांनी फोटो मोठे करण्याचं जुनं यंत्र, एन्लार्जर, विकत घेतलं आणि क्वार्टरच्या न्हाणीघरात बसवलं. काकू तेव्हापासून हयात असेपर्यंत मागच्या अंगणात ताडपत्रीच्या आडोशाला आंघोळ करत राहिल्या आणि रोज एकदा तरी त्यांनी त्यावरून काकांना ऐकवलं. यंत्राबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं. काका मराठी शाळेतून मॅट्रिक झालेले. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ते पुस्तक पान न पान वाचलं आणि त्यातून त्यांना एका शब्दाचं वेड लागलं. मोठं करणं म्हणायला इंग्रजांना इतके शब्द कशाला लागतात, हे त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी एक वही केली.

क्वार्टरमधल्या आम्हा पोरांना ती वही पाठ होती. रविवारी सकाळी न्हाणीघराच्या दारात बसवून काका शब्द विचारायचे आणि प्रत्येक शब्दाला घरातलं उदाहरण लागायचं. एक्सपांड म्हणजे पसरणं, उन्हानं रेल्वेचे रूळ होतात तसं. इन्फ्लेट म्हणजे फुगवणं, सायकलची ट्यूब. ॲम्प्लिफाय म्हणजे गणपतीतला भोंगा. एक्स्टेंड म्हणजे लांबवणं, बाबांची रजा. ऑगमेंट, म्हणजे भर पडणं, हा शब्द ते फक्त पगारासाठी राखून ठेवत आणि म्हणत, "हा कमी वापरायचा, त्याची सवय नाही आपल्याला." एक्झॅजरेट, म्हणजे वाढवून सांगणं, म्हटलं की पोरं एका सुरात ओरडत, "सुमाआत्या!" सुमाआत्या म्हणजे माझीच आत्या. मला राग यायचा, पण उदाहरण चूक नव्हतं. त्यांचा खरा जीव मात्र मॅग्निफाय आणि एनलार्ज या दोघांत होता. "पाहा, भिंगातून मुंगी मोठी दिसते. दिसतेच फक्त. भिंग काढलं की मुंगी तेवढीच. ते मॅग्निफाय. पण मी कागदावर मोठं करतो ते मोठं होऊन राहते. त्याले एनलार्ज म्हणते." मी एकदा विचारलं होतं, लेकरं मोठी करतात त्याला एनलार्ज म्हणायचं का? काका हसून म्हणाले, "नाही बाई. ते काम मशीनचं नाही."

त्यांचा एक नियम होता आणि तो साऱ्या जबलपूरच्या मराठी घरांना माहीत होता. निगेटिव्हमध्ये जे आहे तेच मोठं होईल, त्यात तीळभर घालणार नाही. मुलगी दाखवायच्या फोटोतला देवीचा व्रण काढा म्हणून लोक आले, काकांनी त्यांना परत पाठवलं. गोहलपूरचा एक ठेकेदार आजोबांचा फोटो घेऊन आला होता, तो प्रसंग मी स्वतः पाहिला आहे.

"बाबूजी, दादाजी को पगड़ी पहना दीजिए."

"पहनते थे?"

"पहनते तो नहीं थे. पर मोहल्ले में सबके दादाजी पहने हुए हैं."

"तो फिर मोहल्ले से कोई दादाजी ले लीजिए, भैया."

ठेकेदार आधी रागावला, मग हसला आणि आजोबा बोडक्या डोक्यानंच मोठे झाले. घरात कोणी गेलं की तेरवीच्या आत फोटो हवा असतो. लोक दिनकरकाकांकडेच यायचे. कोणाच्या लग्नाच्या पंगतीतला, कोणाच्या शाळेच्या गटातला बोटाच्या पेराएवढा चेहरा असायचा आणि काका तो भिंतीवर लावण्याजोगा करून द्यायचे. तो थोडा धूसर यायचा, दाणेदार यायचा. पण तो त्या माणसाचा असायचा. निदान आम्ही सगळे तसं धरून चाललो होतो.

आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि शशी दोनचा. कावीळ झाली होती. अकरा दिवस अंथरुणावर होती. तिच्या लग्नात फोटो काढलेच नव्हते आणि नंतर कधी गरज वाटली नव्हती. होता तो एक, महाराष्ट्र मंडळातल्या हळदीकुंकवाचा, काकांनीच काढलेला. तेवीस बायका, मागच्या ओळीत डावीकडून तिसरी आई. आठव्या दिवशी काका पहिली प्रत घेऊन आले. मला ती दाखवली नाही. मी आतल्या खोलीत शशीला घेऊन बसले होते आणि सुमाआत्याचा आवाज तेवढा आला, "हा नाही चालायचा, दिनकरभाऊ. घरात दोन लेकरं आहेत. रोज काय बघतील ते?" मला वाटलं फोटो पुसट आला असेल. दुसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं, म्हणाले शाळेसाठी तुझा छोटा फोटो काढायचा आहे. व्हरांड्यात स्टूल ठेवलं. चार वेळा ते सरकवलं, उजेड डावीकडूनच हवा म्हणून. "मान जरा खाली. आता डोळे वर कर. तो खिळा दिसते ना छत्रीचा, त्याच्याकडे बघ. हलू नको." मी खिळ्याकडे बघत राहिले. त्या आठवड्यात मला कोणी इतका वेळ नुसतं बसू दिलं नव्हतं, म्हणून मला ते बरं वाटल्याचं आठवतं.

तेरवीला फोटो आला. आत्या तो पाहून मोठ्यानं रडली आणि म्हणाली, "डोळे पाहा वहिनीचे, आता बोलेल जशी." मग माझी हनुवटी धरून सगळ्यांना दाखवलं, "पोरीनं डोळे मात्र अगदी आईचे घेतले." बाबांनी फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि एकच शब्द बोलले, "चालेल."

त्यानंतरची वर्षं त्या फोटोखाली गेली. आईची नजर त्यात समोर नाही, किंचित वर, डावीकडे आहे. शशी लहानपणी विचारायचा, "आई कुठं पाहून राहिली ताई?" मी सांगायची, "देवाकडे." तो परीक्षेला जाताना फोटोसमोर उभा राहायचा, आल्यावर पेपर कसा गेला ते तिला सांगायचा. बारावीचा निकाल त्यानं आधी फोटोला सांगितला, मग बाबांना. मला पाहायला आलेल्या सासूबाईंनी भिंतीकडे पाहून, मग माझ्याकडे पाहून म्हटलं होतं, "डोळे आईचे आहेत, चांगलं आहे." बाबा मात्र जेवायला नेहमी त्या भिंतीकडे पाठ करून बसत. ताट कोणी दुसऱ्या बाजूला मांडलं तर स्वतः उचलून इकडे आणत. आम्हाला वाटायचं, त्यांना पाहवत नाही. आणि माझं सांगायचं तर, मला आईचा दुसरा चेहरा आठवतच नाही. तिचे हात आठवतात, बांगड्या आठवतात, कणिक मळताना पुढे येणारा खांदा आठवतो. चेहरा आठवायला गेलं की तो फोटोच येतो. स्वप्नातसुद्धा हात रंगीत असतात, आणि चेहरा काळा-पांढरा. तो वर डावीकडे बघत असतो...

त्या मंगळवारी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, "काका, आता कंप्युटरवर सगळं नीट होते. धूसर नाही येणार."

"धूसर येते म्हणून नाही म्हणत मी." ते वंदनाकडे पाहून घुटमळले, मग बोलले, "मोठा केला तर त्यात मी दिसून जाईन."

"तुम्ही कसे दिसाल?"

"कात्रीची धार दिसल. ब्रश दिसल. दहा-बारापर्यंत झाकलं मी, त्याच्यापुढे नाही झाकत."

आणि मग त्यांनी सांगितलं. थांबत थांबत, पण काही न गाळता. त्या हळदीकुंकवाच्या फोटोत कॅमेऱ्याची कळ दाबली तेव्हा नेमकी आईची पापणी लवली होती. डोळे मिटलेले होते. जिवंत माणसाच्या फोटोत त्याला लोक हसतात. मेलेल्या माणसाचा तोच फोटो तेरवीला भिंतीवर लावायचा म्हणजे... आत्या नाही म्हणाली, आणि चूक नव्हती ती. चार दिवस उरले होते. काकांनी माझा फोटो काढला, माझे डोळे आईच्या मापाला मोठे केले, कापून तिच्या चेहऱ्यावर बसवले, कडा रंगवून घेतल्या आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढला.

वंदना जागची उठली नाही. चहा उतू गेल्याचा वास आला तरी उठली नाही. मी विचारलं, "म्हणजे ते माझे आहेत?"

"तुझेच."

"मग तिचे कसे होते? माझ्यासारखे होते का?"

यावर काकांनी जे उत्तर दिलं ते मी आजवर कितीदा तपासून पाहिलं आहे. ते म्हणाले, "मी वहिनीकडे कधी मान वर करून पाहिलंच नाही, बाई. मित्राची बायको. चहा द्यायची तेव्हा मी कपाकडे बघायचो."

"अहो पण फोटो तुम्हीच काढला ना!"

"तेवीस बायका होत्या त्याच्यात. मी सगळ्यांचे पाय येते का ते पाहत होतो."

"आणि बाबा?"

"दामूले पहिल्या नजरेतच समजलं. जाताना फाटकापाशी मला म्हणाला, दिनकर, ही तर माझी पोरगी आहे. मी म्हटलं, काढून टाकू? तो म्हणे, राहू दे, आता शशीनं पाहिली."

मी चिडले. खोटं कशाला लिहू? मी म्हटलं, "जगाला तीळभर वाढवून देत नव्हते, काका, आणि आमच्याच घरात हे?" वंदना म्हणाली, "ताई, चहा..." मी चहा न घेता उठले. पुढच्या अठरा दिवसांत वंदनाचा दोनदा फोन आला, "बाबा विचारून राहिले, ताई येते का म्हणून." दोन्ही वेळा मी सांगितलं, ऑफिसात महिनाअखेरची कामं आहेत. पहिल्या वेळी ते खरं होतं.

त्या दिवसांत घरी मला तो फोटो सोसवेना. सकाळी दिवा लावायला गेले की माझेच दहा वर्षांचे डोळे माझ्या डोक्यावरून एका छत्रीच्या खिळ्याकडे बघत असायचे. आई गेल्याचा आठवा-नववा दिवस त्या डोळ्यांत होता, तो मी ओळखला नव्हता इतकी वर्षं. एकदा आरसा घेऊन फोटोशेजारी उभी राहिले. आता काही साम्य उरलेलं नाही. माझं वय आईच्या वयाच्या पुढे वीस वर्षं गेलं आहे. माझे डोळे आईचे आहेत की नाहीत, हे सांगू शकणारा माणूस आता जगात नाही. आत्या नाही, बाबा नाहीत, आणि जो होता त्यानं पाहिलंच नव्हतं.

काकांच्या तेरवीला गेले. त्यांचा फोटो हारामागे होता, नातवाच्या लग्नातला, बाजारातल्या दुकानातून करून आणलेला. गाल गुळगुळीत केलेले, कानामागचा मस गायब आणि एका कडेला कोणा भलत्याच माणसाचा खांदा राहून गेलेला. काकांनी तो परत पाठवला असता. पंगत उठल्यावर वंदनानं मला आत नेलं आणि ती वही आणि एक पाकीट हातात दिलं. "बाबांनी तुमचं नाव घालून ठेवलं होतं." वहीत सगळे शब्द त्याच क्रमानं होते, आमची सगळी उदाहरणंसुद्धा. फक्त एक्झॅजरेटच्या पानावर सुमाआत्या नव्हती. तिथं लिहिलं होतं, "नसलेले घालणे. हे आपण करत नाही." त्याखाली वेगळ्या शाईत एक शब्द होता, "एकदा."

पाकिटात हळदीकुंकवाची निगेटिव्ह होती. मी ती खिडकीशी धरली. काळ्या चेहऱ्यांच्या, पांढऱ्या केसांच्या तेवीस बायका. डावीकडून तिसरी... त्यात काही कळेना. पाठीमागे वंदना म्हणाली, "त्या दिवसानंतर बाबा रोज एकदा तरी म्हणत, रागावली ती, बरं झालं, कोणी तरी रागवायला पाहिजेच होतं." मी तेव्हा रडले. तोवर मला रडू आलं नव्हतं.

शशीला सांगणं भाग होतं. पाच हजार त्याचे होते आणि भिंतही त्याची होती. रविवारी सकाळी फोन केला आणि काकांनी सांगितलं तसंच, त्याच क्रमानं सांगितलं. सगळं ऐकून त्यानं विचारलं,

"मग मी बारावीचा निकाल कोणाला सांगितला, ताई?"

लगेच त्यानंच पुढे विचारलं,

"तुलाच ना?"

"मला काय माहीत रे. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते."

तो हसला, मग म्हणाला, "तो नको मोठा करू. तो तुझ्याकडेच असू दे, तुझे डोळे मी पुष्कळ पाहिले. मला तो मिटलेला पाठव."

"शोभेल का भिंतीवर? तुझी बायको काय म्हणेल?"

"काही म्हणू दे. मी आईला पाहिलंच नाही अजून."

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गोहलपूरच्या एका दुकानात गेले. दुकानदार चाळिशीचा, बोलका. निगेटिव्ह पाहून म्हणाला, "ये तो अब कोई लाता ही नहीं, दीदी." त्यानं ती यंत्रात घातली, पडद्यावर काळ्याचं पांढरं होऊन बायका सरळ दिसू लागल्या, आणि मी बोट ठेवलं तिथं तो मोठं करत गेला. आधी डोकी, मग तीन चेहरे, मग एकच. दाणे उमटू लागले तशी मी त्याला थांबायला सांगितलं.

आईची मान शेजारणीकडे थोडी वळलेली होती. ओठ सुटे होते, काही तरी बोलणं चाललं होतं. कपाळावर कुंकू जरा फाकलेलं. पापण्या मिटलेल्या. झोपलेल्या माणसासारख्या नाही, गेलेल्या माणसासारख्या तर नाहीच... नुसत्या लवलेल्या. पुढच्या क्षणी उघडणार अशा. त्या उघडल्या तेव्हा कॅमेरा बंद झाला होता.

"आँखें बंद आ गई हैं, दीदी. खोल दूँ? पाँच मिनट का काम है. सब खुलवाते हैं."

"किसकी लगाओगे?" मी विचारलं.

"कंप्यूटर में बहुत पड़ी हैं. आप पसंद कर लीजिए."

"नहीं भैया. ऐसी ही रहने दो."

"पक्का? बाद में घरवाले बोलेंगे."

"बोलने दो."

त्यानं मान हलवली आणि साइज विचारली. मी म्हटलं, दाणे दिसायला लागायच्या आत जेवढी होईल तेवढी. आठ बाय दहा झाली. एक प्रत शशीसाठी, एक माझ्यासाठी. दोन्हींचे दोनशे साठ रुपये झाले, ते मी त्याच्या हातात दिले. डोळे उघडायचे वेगळे दीडशे तो लावतो म्हणाला. ते लागले नाहीत.